सुताचे साधक विनोबा

खानदेश ही कापसाची भूमी आहे. तापी आणि तिला मिळणाऱ्या पूर्णा, गिरणा, पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांत काळीभोर जमीन पसरलेली आहे. पावसाळ्याच्या आरंभी या जमिनीत सरकी पेरतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास बोंडे फुटू लागतात आणि दृष्टी पोहोचेल तेथवर शेते पांढरी दिसू लागतात. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांस मिळेनासा झाला आणि त्या गिरण्यांची नजर हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली. त्याच सुमारास खानदेशातून आगगाडी धावू लागली होती. कापसाचे गठ्ठे मुंबईस व तेथून समुद्रापार जाऊ लागले. जळगाव, अमळनेर, धुळे या गावी सरकी काढण्याचे कारखाने उभे राहिले, पुढे कापडाच्या गिरण्याही निघाल्या. परंतु ज्या घरांतील माणसे कापूस पिकवीत, त्याच घरांतील चरखे हळूहळू माळ्यावर जाऊन पडले. शेतकरी कापूस विकू लागला आणि अंगावरचे वस्त्र बाजारातून विकत घेऊ लागला.

अशा या खानदेशात, पांझरेच्या काठी वसलेल्या धुळे शहराच्या तुरुंगात, १९३२ साली एक कृश देहाचा सत्याग्रही कैदी होता. त्याचे वय अवघे छत्तीस वर्षांचे होते. तो मोठा विद्वान होता. संस्कृत ग्रंथांचा त्याने सखोल अभ्यास केला होता. तरीही आपल्या हातांनी काही काम केल्यावाचून अन्नाचा घास घेणे त्यास चोरीसारखे वाटे. सूत कातणे, कापड विणणे, दळणे, झाडणे ही कामे तो पूजेच्या भावनेने करी. हा कैदी म्हणजे विनायक नरहर भावे. सारा देश त्यांना विनोबा या नावाने ओळखतो.

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्यातील गागोदे या खेड्यात झाला. त्यांच्या आईचे नाव रुक्मिणी. ती फारशी शिकलेली नव्हती, पण तिचे मन अत्यंत उदार व भाविक होते. घरच्या फणसाच्या झाडास फळ आले म्हणजे ती लहानग्या विन्याकडून पहिले गरे शेजाऱ्यांच्या घरोघर पाठवीत असे. सर्वांना वाटून झाल्यावर मगच घरातील मुलांच्या हाती गरे पडत. जो देतो तो देव आणि जो स्वतःपाशीच राखून ठेवतो तो राक्षस, अशी साधी शिकवण तिने मुलांस दिली. ती शिकवण विनोबांच्या मनात जन्मभर राहिली.

एकदा आईने देवाला एक लक्ष तांदूळ वाहण्याचा संकल्प केला. रोज थोडे तांदूळ घेऊन ती एकेक दाणा मोजीत बसे आणि देवास अर्पण करी. विनोबांचे वडील नरहरपंत हे शास्त्रीय दृष्टीचे गृहस्थ होते. त्यांनी तिला एक सोपी युक्ती सुचविली. तोळाभर तांदळात किती दाणे भरतात ते एकदा मोजावे आणि त्या हिशेबाने लक्ष दाण्यांइतके तांदूळ वजन करून घ्यावेत. हवे तर कमी पडू नयेत म्हणून थोडे अधिक घालावेत. आईला यावर काय उत्तर द्यावे ते सुचेना. तिने मुलास विचारले. तेव्हा विन्याने सांगितले की हा नुसता गणिताचा प्रश्न नाही. एकेक दाणा मोजताना एकेकदा देवाचे स्मरण होते, म्हणून मोजणेच योग्य. आईचे समाधान झाले. पुढे सुताचा एकेक तार मोजताना विनोबांच्या मनात हीच वृत्ती राहिली.

वडिलांचाही एक गुण विनोबांकडे आला होता. नरहरपंत बडोद्यास नोकरी करीत आणि कापड रंगविण्याच्या विद्येची त्यांना मोठी आवड होती. घरी ते निरनिराळे रंग तयार करीत, कापडाच्या लहान लहान तुकड्यांवर ते चढवून पाहत, कोणता रंग टिकतो व कोणता उडतो याची काळजीपूर्वक परीक्षा करीत. प्रयोग पुरा सिद्ध होईपर्यंत मोठे कापड वाया घालवायचे नाही, असा त्यांचा नियम होता. आईकडून भक्ती आणि वडिलांकडून प्रयोगाची शिस्त, अशी दुहेरी शिदोरी विनोबांस घरीच मिळाली.

विनोबांचे शिक्षण बडोद्यास झाले. गणितात त्यांची बुद्धी फार चालत असे. परंतु परीक्षा आणि नोकरी यांत त्यांचे मन रमले नाही. १९१६ च्या मार्च महिन्यात ते परीक्षेसाठी मुंबईस निघाले, पण वाटेत सुरतेस गाडीतून उतरले आणि ज्ञानाच्या शोधात काशीस गेले. तेथे असताना गांधीजींच्या एका भाषणाचा वृत्तांत त्यांच्या वाचनात आला. त्यांनी गांधीजींशी पत्रव्यवहार केला आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादजवळील कोचरबच्या आश्रमात ते त्यांना जाऊन भेटले. त्या भेटीने त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली.

आश्रमात प्रत्येकाने अंगमेहनत केलीच पाहिजे, असा दंडक होता. विनोबा प्रारंभी निवार विणावयास शिकले. दिवसभर राबून आपण आपल्या अन्नापुरते तरी मिळवू शकतो का, हे त्यांना पाहावयाचे होते. पण नवशिक्या हातांना वेग नव्हता. पुष्कळ तास मागापाशी बसूनही अन्नाचा खर्च भरून निघेल इतके काम होईना. विद्वान मनुष्याला ग्रंथ कळतात, पण साध्या विणकराची मजुरी मिळविणे किती अवघड आहे, हे त्यांना तेथे समजले. हा प्रश्न पुढे कित्येक वर्षे त्यांच्या मनात राहिला.

त्या काळी आश्रमात विणण्यासाठी लागणारे सूत गिरणीतूनच येत असे. सूत गिरणीचे आणि वीण हाताची, ही गोष्ट गांधीजींच्या मनाला लागली होती. त्यांनी चरख्याचा शोध चालविला. गुजरातेतील विजापूर येथे घरांच्या माळ्यांवर जुने चरखे पडलेले आहेत, असे गंगाबेन मजमुदार या बाईंनी शोधून काढले. आश्रमात चरखा आला, हातचे सूत निघू लागले आणि त्याच सुतापासून हातमागावर खादी तयार होऊ लागली.

१९१८ साली विनोबांच्या आईचा मृत्यू झाला. तिची आठवण म्हणून त्यांनी तिचे एक लुगडे आपल्यापाशी ठेवले होते. निजताना ते घडी करून उशाला घेत. परंतु खादीखेरीज दुसरे वस्त्र वापरावयाचे नाही, असे आश्रमात ठरले. आईचे लुगडे खादीचे नव्हते. विनोबांनी ते हाती घेतले, साबरमतीत स्नान केले आणि ते लुगडे नदीच्या प्रवाहात सोडून दिले. आईवर त्यांचे निस्सीम प्रेम होते, पण घेतलेल्या व्रतात त्यांनी स्वतःसाठी एवढीही सवलत ठेवली नाही.

१९२१ च्या एप्रिल महिन्यात जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून विनोबा वर्ध्यास गेले आणि तेथील आश्रम चालवू लागले. आता कताई आणि विणाई हा त्यांच्या अभ्यासाचा विषय झाला. बोंडातील कापसाचे वस्त्र होईपर्यंत त्यास किती हातांतून जावे लागते, हे पाहिले म्हणजे या अभ्यासाचे मोल कळते. प्रथम कापूस वेचून त्यातील कचरा काढावा लागतो. मग सरकी वेगळी करून रुई घ्यावयाची. ती रुई पिंजून मोकळी करावयाची आणि तिचे हलके, गोल पेळू वळावयाचे. पेळू चांगला नसेल तर सूत पुनःपुन्हा तुटते. चरख्यावर किंवा टकळीवर एका हाताने पीळ द्यावा लागतो आणि दुसऱ्या हाताने पेळूतून तंतू सारख्या गतीने ओढावा लागतो. हात घाईने चालला तर सूत कोठे जाड व कोठे बारीक होते. पीळ कमी पडला तर ते तुटते आणि अधिक झाला तर त्याच्या गाठी वळतात. नंतर सूत फाळक्यावर गुंडाळून त्याची गुंडी करावयाची, ताण्याच्या सुतास खळ लावून ते बळकट करावयाचे आणि मग मागावर ताणा लावून, धोटा इकडून तिकडे फेकीत कापड विणावयाचे.

या प्रत्येक क्रियेकडे विनोबांनी गणितज्ञाच्या डोळ्याने पाहिले. किती वेळात किती तार निघाले, सूत किती तोलाचे आहे, ते सर्वत्र सारखे आहे का, विणताना किती वेळा तुटते, याची ते बारकाईने नोंद घेत. टकळी हे तर अगदी लहान साधन. एक काडी आणि तिच्या टोकाशी एक चकती. ती खिशातही मावते आणि गरिबातल्या गरिबालाही परवडते. टकळीवर थोडेसेच सूत निघते, असे लोक समजत. विनोबांनी उजव्या आणि डाव्या अशा दोन्ही हातांनी टकळी चालविण्याचा सराव केला. एक हात थकला म्हणजे दुसरा काम करी. या क्षुल्लक वाटणाऱ्या साधनातही केवढे सामर्थ्य आहे, हे त्यांनी स्वतः कातून दाखविले. इतके निर्दोष सूत कातणारा दुसरा मनुष्य बहुधा साऱ्या हिंदुस्थानात नसेल, असा अभिप्राय पुढे गांधीजींनी त्यांच्याविषयी दिला.

१९३० साली विनोबांनी भगवद्गीतेचे मराठीत सुलभ रूपांतर करण्यास आरंभ केला. आईला संस्कृत गीता कळत नसे आणि सोप्या मराठीत गीता हवी, अशी तिची इच्छा होती. ती हयात असताना हे काम झाले नाही. पण विनोबांनी तिची इच्छा विसरून न जाता ७ ऑक्टोबर १९३० पासून ६ फेब्रुवारी १९३१ पर्यंत ते पूर्ण केले. त्या ग्रंथाला त्यांनी गीताई हे नाव दिले.

पुढील वर्षी कायदेभंगाची चळवळ पुन्हा पेटली आणि १९३२ च्या आरंभी विनोबा धुळ्याच्या तुरुंगात आले. जमनालाल बजाज, साने गुरुजी असे थोर पुरुषही तेथे होते. त्यांच्याबरोबर खानदेशातील कितीतरी तरुण सत्याग्रही होते. तुरुंगात जात्यावर धान्य दळण्याचे कष्टाचे काम असे. विनोबांनी ते आनंदाने पत्करले. हातात चरख्याची मूठ असो वा जात्याचा खुंटा असो, त्यांच्या लेखी दोहोंची योग्यता सारखीच होती. एवढा मोठा विद्वान जात्याशी बसतो, हे पाहून इतरांनाही श्रमाची लाज वाटेनाशी झाली.

तुरुंगातील सोबत्यांना गीतेचा अर्थ विनोबांच्या तोंडून ऐकण्याची इच्छा झाली. २१ फेब्रुवारी १९३२ हा रविवारचा दिवस होता. त्या दिवशी त्यांनी पहिले प्रवचन केले. त्यानंतर दर रविवारी एक अध्याय, असा क्रम चालला आणि १९ जून रोजी अठरावा अध्याय पूर्ण झाला. ऐकणाऱ्यांत शिकलेले होते तसे अक्षरओळख नसलेलेही होते. म्हणून विनोबा शेत, स्वयंपाकघर, चरखा, आई आणि मूल यांची उदाहरणे घेऊन बोलत. कोणतेही साधे काम मन लावून आणि दुसऱ्यासाठी केले म्हणजे तेच पूजा होते, हे त्यांच्या बोलण्याचे सार होते. अमळनेरच्या शाळेत पूर्वी शिक्षक असलेले साने गुरुजी त्या वेळी लेखणी घेऊन बसत आणि भराभर लिहून घेत. त्यांनी परिश्रमपूर्वक केलेल्या या टिपणांमुळेच गीता प्रवचने हा ग्रंथ आज उपलब्ध आहे. भारतातील अनेक भाषांत त्याचे अनुवाद झाले. धुळ्याच्या तुरुंगाच्या भिंतींआड थोड्या कैद्यांना वाटलेले धन अशा रीतीने साऱ्या देशाला मिळाले.

सुटका झाल्यावर विनोबा वर्ध्यास परतले आणि १९३२ च्या अखेरीस जवळच्या नालवाडी या लहानशा वस्तीत राहावयास गेले. तेथे बहुतेक वस्ती अस्पृश्य मानल्या गेलेल्या गरीब लोकांची होती. आश्रमात निवार विणताना मनात उभा राहिलेला प्रश्न आता पुन्हा त्यांच्यासमोर आला. खादीचा प्रसार देशभर होत होता. हजारो खेड्यांतील स्त्रिया अखिल भारत चरखा संघासाठी सूत कातीत. त्या सुताची सुंदर वस्त्रे होत, ती अभिमानाने वापरली जात. पण कातणाऱ्या स्त्रीच्या हाती दिवसाअखेर किती पैसे पडत? तेवढ्या पैशांत तिचे पोट भरत असे काय?

हा प्रश्न विनोबांनी कागदावर सोडविला नाही. त्यांनी स्वतः दिवसाकाठी आठ-नऊ तास सूत कातावयास आरंभ केला. चरखा संघ ज्या दराने मजुरी देई, त्याच दराने ते आपल्या सुताची किंमत धरीत आणि तेवढ्यात आपला निर्वाह करण्याचा प्रयत्न करीत. त्यांचे सूत उत्तम होते, हात तरबेज होता आणि गरजा तर फारच थोड्या होत्या. तरीही मिळकत इतकी अल्प होई की तेवढ्यात एका माणसाला धडपणे जगता येणे शक्य नव्हते. जे काम विनोबांसारख्या कुशल माणसालाही पोटभर अन्न देऊ शकत नव्हते, ते घरकाम सांभाळून, जुन्या चरख्यावर, अर्धपोटी कातणाऱ्या बाईला काय देणार?

गांधीजींना ही हकीकत समजली तेव्हा ते अस्वस्थ झाले. गरिबांसाठी म्हणून जी खादी आपण चालविली, तीच गरिबांच्या उपासमारीवर उभी असेल तर तिचा काय उपयोग, असे त्यांना वाटले. १९३५ साली चरखा संघात या प्रश्नाचा विचार झाला. मजुरी वाढविली तर खादी महाग होईल, मग ती कोण घेईल, अशी भीती अनेक कार्यकर्त्यांना वाटत होती. ही भीती खोटी नव्हती. खादी आधीच गिरणीच्या कापडापेक्षा महाग पडत असे. तरीदेखील आठ तास चांगले काम करणाऱ्या कातकऱ्यास निदान अन्नापुरते मिळालेच पाहिजे, हे तत्त्व संघाने मान्य केले आणि कताईचे दर वाढविण्यात आले. प्रत्येक ठिकाणी पुरेशी मजुरी लगेच मिळू लागली असे नाही. पण वस्त्र विकत घेताना ते बनविणाऱ्याच्या पोटाचा विचार केला पाहिजे, हे लोकांना कळले. यात विनोबांच्या त्या मूक प्रयोगाचा वाटा फार मोठा होता.

पुढील वर्षी, १९३६ च्या डिसेंबरात, खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्यापूर्वीची अधिवेशने शहरांत होत. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन होय. जवाहरलाल नेहरू त्याचे अध्यक्ष होते. धनाजी नाना चौधरी व त्यांचे सहकारी यांनी त्यासाठी अविश्रांत परिश्रम घेतले. शांतिनिकेतनचे थोर चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या खेड्यातच मिळणाऱ्या साध्या वस्तूंनी तेथील नगर सजविले. खादी व ग्रामोद्योग यांचे प्रदर्शन भरले होते आणि त्याचे उद्घाटन गांधीजींनी केले. आसपासच्या गावांतून शेतकरी बायकापोरांसह गाड्या जुंपून आले. आपल्याच शेतात पिकणाऱ्या कापसापासून हाताने काय काय होऊ शकते, हे कापूस पिकविणाऱ्या त्या लोकांना तेथे आपल्या डोळ्यांनी पाहावयास मिळाले.

१९३८ साली विनोबांची प्रकृती फार खालावली, म्हणून ते वर्ध्याजवळ धाम नदीच्या काठी असलेल्या पवनार येथे राहावयास आले. पुढे तेच त्यांचे कायमचे ठिकाण झाले. १९४० साली गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला, तेव्हा पहिला सत्याग्रही म्हणून त्यांनी विनोबांची निवड केली. तोवर देशातील बहुसंख्य लोकांना विनोबांचे नावही ठाऊक नव्हते. त्यांची ओळख करून देताना गांधीजींनी त्यांच्या विद्वत्तेबरोबर त्यांच्या कताईचाही आदराने उल्लेख केला.

३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. १२ फेब्रुवारी रोजी देशातील अनेक नद्यांत त्यांच्या अस्थी विसर्जित करण्यात आल्या. धाम नदीच्या काठीही तो विधी झाला. अशा थोर पुरुषाचे स्मारक कोणते करावे? पुतळे आणि इमारती यांसाठी पैसा लागतो आणि पैसा श्रीमंतच अधिक देऊ शकतो. विनोबांनी निराळीच वाट दाखविली. दरवर्षी १२ फेब्रुवारीस ठिकठिकाणी मेळे भरावेत आणि प्रत्येकाने स्वतः कातलेल्या सुताची एक गुंडी तेथे अर्पण करावी, असे त्यांनी सुचविले. या अर्पणास सूतांजली हे नाव मिळाले.

एका गुंडीत ६४० तार असतात आणि एक तार ४ फुटांचा असतो. म्हणजे एका गुंडीतील सूत उलगडले तर त्याची लांबी २,५६० फूट, जवळजवळ अर्धा मैल भरते. वजन मात्र दोन-तीन तोळ्यांच्या आसपास. ही एवढीशी वस्तू कोणालाही पैसे टाकून विकत घ्यावयाची नव्हती. ती स्वतःच कातावयाची होती. लक्षाधीशाची एक गुंडी आणि शेतमजुराचीही एकच गुंडी. मतदानात जसे प्रत्येकाचे एकच मत असते, तशीच ही गुंडी म्हणजे सर्वांच्या उदयासाठी दिलेले मत, असे विनोबा मानीत. म्हातारी माणसे, शाळेतील मुले, शेतकरी, शिक्षक आपापली गुंडी घेऊन मेळ्यास येऊ लागली. एकेक तार मोजताना एकेकदा देवाची आठवण करावी, ही आईच्या तांदळांपाशी शिकलेली गोष्ट विनोबांनी अशा रीतीने सर्वांना दिली.

१९५१ साली विनोबा तेलंगणातील पोचमपल्ली या गावी गेले. हे गाव विणकरांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील भूमिहीन दलितांनी त्यांच्यापाशी जमिनीची मागणी केली. विनोबांनी गावकऱ्यांसमोर ती मांडली, तेव्हा रामचंद्र रेड्डी यांनी आपली शंभर एकर जमीन देऊ केली. १८ एप्रिल १९५१ चा तो दिवस. त्यातून भूदान चळवळीचा जन्म झाला. त्यानंतर तेरा वर्षांहून अधिक काळ विनोबा देशभर पायी फिरले. १९५८ साली त्यांची पदयात्रा महाराष्ट्रातूनही गेली. चाळीस लाख एकरांहून अधिक जमिनीची दानपत्रे त्यांना मिळाली. त्यांतील काही जमीन नापीक निघाली, काही भूमिहीनांपर्यंत पोहोचलीच नाही. परंतु केवळ प्रेमाने मागून लोकांकडून इतकी जमीन मिळविल्याचे उदाहरण जगात विरळाच आढळेल. फणसाचे पहिले गरे शेजाऱ्याच्या घरी नेऊन देणाऱ्या गागोद्याच्या मुलानेच मोठेपणी जमिनीचा वाटा मागितला होता.

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनार येथे विनोबांचे देहावसान झाले. शेवटच्या आजारात त्यांनी अन्न आणि औषध यांचा स्वेच्छेने त्याग केला होता. तो दिवाळीचा दिवस होता. १९८३ साली भारत सरकारने त्यांना मरणोत्तर भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान दिला.

विनोबांनी मागे धन ठेवले नाही. त्यांनी कातलेले सूत कधीच वस्त्रांत विणले गेले. पण स्वतःच्या हातांनी उत्तम वस्तू निर्माण करावी, ती बनविणाऱ्या प्रत्येकाला पोटभर अन्न मिळते की नाही हे पाहावे आणि आपल्या श्रमाचा काही भाग समाजाला द्यावा, ही त्यांची शिकवण जुनी होणारी नाही. खानदेशातील काळ्या जमिनीत आजही कापूस फुलतो. त्यातील एका बोंडाचे वस्त्र होईपर्यंत कितीतरी माणसांचे हात त्याला लागतात. अंगावर सदरा चढविताना त्या हातांची आठवण ज्याला होते, त्याला विनोबांचे सूत समजले असे म्हणावयास हरकत नाही.